स्लो कुकरमध्ये बाबांचं पथ्याचं जेवण: नागपूरकरांनो, अनुभव सांगा

पारिजात२२ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपासून माझे बाबा आमच्याकडे नागपुरात राहायला आले आहेत. वय ७४. अँजिओप्लास्टी झाली आहे. तेल आणि मीठ कमी करायला सांगितलंय, साखर बॉर्डरवर आहे. मागच्या दाढा गेल्यामुळे पोळी चावत नाही, भाजीही मऊ लागते. मी सकाळी साडेसातला कंपनीच्या बसने बुटीबोरीला जाते ती साडेसहाला घरी येते. दुपारी बाबा एकटे असतात. एकदा त्यांनी दूध तापवायला ठेवलं आणि डुलकी लागली. दूध उतू जाऊन आच विझली, गॅस मात्र सुरूच होता. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून मी घरी नसताना गॅसला हात लावायचा नाही असं ठरलंय.

म्हणून नणंदेने ३.५ लिटरचा स्लो कुकर आणून दिला. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, बटणावर लो, हाय आणि वॉर्म अशा तीन खुणा. सकाळी निघताना लावायचा, साडेबाराला बाबांनी डावाने वाढून घ्यायचं, एवढीच माझी अपेक्षा आहे. पण महिना झाला तरी जमत नाही.

तुरीचं वरण सहा तासांनीही एकजीव झालं नाही, डाळ खाली आणि पाणी वर. फ्लॉवर-आलूचा लगदा झाला, फ्लॉवरचा उग्र वास घरभर. सगळ्यात वाईट झालं ते राजम्याचं. रात्रभर भिजवलेला राजमा रविवारी सकाळी लोवर लावला, आठ तास ठेवला. वरून शिजलेला दिसत होता, आतून किंचित कचकचीत. जेवणानंतर दोन तासांत माझ्या दोन्ही मुलांना उलट्या सुरू झाल्या. रात्रीपर्यंत थांबल्या. बाबांनी खाल्ला नव्हता हे नशीब. मला वाटलं राजमा जुना असेल.

माझं काय चुकतंय? कोणी रोज वापरत असेल तर बैजवार सांगा.

मानेवाडा४४ | सोमवार, रात्री १०:०५

ताई, कुकर इथलाच आहे ना? माझ्या भावाने अमेरिकेतून आणलेला ११० व्होल्टचा होता. इथल्या २३० व्होल्टच्या प्लगला सरळ लावला आणि दहा मिनिटांत जळाला. खालचा शिक्का एकदा बघा.

पारिजात२२ | सोमवार, रात्री १०:१२

इथलाच आहे दादा. २३० व्होल्ट, २०० वॅट लिहिलंय.

तर्री | सोमवार, रात्री ११:२०

पारिजातताई, आधी राजम्याचं बोलतो, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. मी नागपूरच्या एलआयटी या तंत्रज्ञान संस्थेत फूड टेक्नॉलॉजी शिकलो, हा विषय आम्हाला होता.

राजमा जुना नव्हता. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, ते विषारी असतं. लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्यात त्याहून कमी. चारपाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होतात आणि बहुतेकांना काही तासांत आराम पडतो. मुलांचं अगदी तसंच झालं.

हे प्रथिन उकळत्या पाण्यात नष्ट होतं. ८० अंशांच्या आसपास नुसतं गरम राहिलं तर नष्ट होत नाही, उलट अशा अर्धवट गरम केलेल्या राजम्यात विषारीपणा कच्च्यापेक्षा कित्येक पट वाढलेला आढळला आहे. लोवर लावलेला कुकर नेमका त्याच तापमानात तासन् तास रेंगाळतो. म्हणजे आठ तास शिजवूनही तुमचा राजमा कच्च्याहून वाईट अवस्थेत असणार.

नियम असा ठेवा. राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं. नव्या पाण्यात गॅसवर खळखळ उकळी आणायची आणि उकळी आल्यापासून अर्धा तास तशीच ठेवायची. दहा मिनिटांतही हे प्रथिन नष्ट होतं, पण उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला हवी म्हणून अर्धा तास धरायचा. मगच कुकरमध्ये. खरं सांगू का, राजमा प्रेशर कुकरमध्येच करा. तिथे तापमान शंभराच्या वर जातं आणि हा प्रश्नच उरत नाही.

आता यंत्राविषयी. लो आणि हाय यांत शेवटचं तापमान फार वेगळं नसतं. दोन्ही उकळीच्या जवळ पोचतात, लोला दुप्पट वेळ लागतो एवढंच. हायवरचा एक तास म्हणजे लोवरचे साधारण दोन. वॉर्म फक्त शिजलेलं गरम ठेवायला आहे. त्यावर शिजवायचं नाही आणि फ्रीजमधलं गार अन्नही त्यावर तापवायचं नाही. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, तो टप्पा अन्नाने लवकर ओलांडायला हवा. म्हणून भांडं निम्म्यापेक्षा कमी आणि दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, आणि गोठलेलं मांस कधीच सरळ टाकू नका.

झाकण उघडून बघायची सवय मोडा. एकदा उघडलं की गेलेली वाफ भरून यायला वीस-तीस मिनिटं जातात.

तुमचा कुकर नीट तापतो का तेही बघून घ्या. निम्म्याच्या वर साधं पाणी भरा, लोवर आठ तास ठेवा, झाकण उघडल्या उघडल्या थर्मामीटर बुडवा. ८५ ते ९३ अंश आलं तर ठीक. कमी आलं तर त्या कुकरात स्वयंपाक करू नका.

पारिजात२२ | मंगळवार, सकाळी ६:५०

तर्री, वाचून हात थरथरले. मी मुलांना आणखी एक वाटी घ्या म्हणून आग्रह केला होता. आज कुकर बंद. शनिवारी पाण्याची चाचणी करते. मनापासून धन्यवाद.

गोकुळपेठच्या काकू | मंगळवार, दुपारी २:१५

पारिजात बेटा, तुह्या बाबाच्या दाढांचं वाचून मले आमचे मामंजी आठवले. आमचं घर काटोलकडचं. रातचा सैपाक आटोपला का सासूबाई चुलीतले जळते लाकडं बाहेर ओढत, इस्त्यावर राख पांघरत आन् त्या भुभुळावर मातीचं गाडगं ठेवत. त्यात कधी ज्वारीच्या कण्या, कधी बरबटीचे दाणे. रातभर ते गाडगं हळूहळू शिजत राहे. पहाटे झाकण काढलं का लोण्यासारखं मऊ. मामंजीले एक दात नव्हता, तरी वाटीभर खाऊन शेतावर जात.

आता हे आयक. बरबटी सासूबाई कधी सरळ गाडग्यात टाकत नसत. आधी चुलीवर खळखळ उकळून घेत, ते पाणी ढोरांच्या आंबोणात ओतत, मंग नवं पाणी घालून भुभुळावर. काहून असं करता म्हणून मी इचारलं होतं, तर म्हणे पोटात दुखते. तर्रीभाऊनं जे सांगतलं तेच झालं ना हे?

आन् तेल? ते सकाळी पळीभर. लसूण, जिरं, वाळल्या मिरचीची फोडणी देल्ली का झालं. शिजताना थेंब नाई. तुह्या बाबाले असंच दे. कण्यात ताक घाल, वरून सांबार (कोथिंबीर) कापून टाक.

तर्री | मंगळवार, दुपारी ३:३०

काकू, अगदी तेच आहे. चवळीत हे प्रथिन राजम्याहून बरंच कमी असतं, पण सासूबाईंची पद्धत शंभर टक्के बरोबर होती.

हे यंत्रही अशाच भट्टीच्या आठवणीतून आलं. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाला त्याच्या आईने लिथुआनियातल्या आपल्या आईची गोष्ट सांगितली होती. तिथले ज्यू लोक शनिवारी विस्तव पेटवत नसत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवड्याच्या दाण्यांचं आणि मांसाचं चोलेंट, म्हणजे मंद शिजणारा रस्सा, गावच्या बेकरीच्या विझत्या भट्टीत ठेवून येत आणि दुसऱ्या दिवशी शिजलेलं घेऊन जात. नॅक्सनला १९४० साली पेटंट मिळालं, आणि १९७१ पासून तेच भांडं क्रॉकपॉट नावाने विकलं जाऊ लागलं.

बेलतरोडी_फ्लॅट | मंगळवार, रात्री ८:४५

वरणाबद्दल माझा अनुभव. आमच्या सोसायटीत बोअरिंगचं पाणी आहे. त्या पाण्यात तुरीची डाळ सात तासांनीही टणक राहायची. मी कुकर बदलायला निघाले होते. मग एकदा बहिणीकडे धरमपेठेत नळाच्या पाण्यात केली, पाच तासांत झाली. डाळ तीच, कुकर तोच.

जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती फुटत नाही. प्रेशर कुकरात जोर इतका असतो की हे कळतच नाही, मंद आचेवर लगेच कळतं. आता डाळीपुरतं पिण्याचं गाळलेलं पाणी वापरते. पारिजात, तुमच्याकडे पाणी कुठलं?

दुसरं म्हणजे टोमॅटो, चिंच, आमसूल आधी घालू नका. आंबट पडलं की डाळ अडून बसते. डाळ पूर्ण मऊ झाल्यावर घाला.

पारिजात२२ | मंगळवार, रात्री ९:१०

आमच्याकडेही बोअरिंग! आणि टोमॅटो मी पहिल्यापासूनच घालत होते. दोन्ही चुका एकाच वेळी.

सोले | बुधवार, सकाळी १०:३०

माझं मत थोडं वेगळं आहे. तीन शिट्ट्यांत जी डाळ होते तिच्यासाठी सहा तास वीज का जाळायची? आणि एवढा वेळ शिजवून जीवनसत्त्वं राहतात का? "हेल्दी" म्हणून हे यंत्र विकतात ते मला पटत नाही. माझ्या आईला मधुमेह आहे, तिचं सगळं जेवण मी प्रेशर कुकरवरच करते आणि ते उत्तम होतं. नवीन लोकांनी हा खर्च करण्याआधी विचार करावा म्हणून लिहिते आहे.

तर्री | बुधवार, दुपारी १:००

सोले, बराचसा सहमत आहे. यंत्रामुळे जेवण पौष्टिक होत नाही. क जीवनसत्त्व लांब आचेवर नक्की कमी होतं, म्हणून वाढताना लिंबू पिळायचं आणि सोबत काकडी-गाजराची कोशिंबीर ठेवायची. बाबांना चावत नसेल तर गाजर किसून द्यायचं. लोह, कॅल्शियम, पोटॅशियम यांना उष्णतेने काही होत नाही. ती पाण्यात उतरतात, आणि आपण रस्सा फेकत नाही म्हणून पोटातच जातात.

विजेचा हिशोब सांगतो. माझा कुकर मी प्लगला लावायच्या मीटरवर मोजला, लोवर आठ तासांत साधारण एक युनिट. प्रेशर कुकरच्या तीन शिट्ट्यांचा गॅस नक्कीच स्वस्त पडतो. डाळ-भातासाठी मीही स्लो कुकर काढत नाही.

पण पारिजातताईंची अडचण वेगळी आहे. घरात गॅसजवळ उभं राहणारं कोणी नाही आणि दुपारी साडेबाराला गरम, मऊ जेवण हवंय. तिथे हे यंत्र जे देतं ते शिट्टीवाला कुकर देऊ शकत नाही.

सोले | बुधवार, दुपारी १:४०

हे मान्य. बाबा एकटे असतात हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

पथ्यपाणी | बुधवार, रात्री ९:५५

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. बाबांच्या पथ्याविषयी चार गोष्टी लिहिते. त्यांच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

मीठ: जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, चटणी सगळं आलं. स्लो कुकरमध्ये पाणी आटत नाही, त्यामुळे सुरुवातीला अंदाजाने घातलेलं मीठ शेवटी कमी वाटतं आणि आपण वरून घालत जातो. त्यापेक्षा मीठ शिजल्यावर मोजून घाला आणि आंबट, लसूण, जिरेपूड, जवसाची बिनमिठाची चटणी यांनी चव आणा. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर आणि किडनीच्या त्रासात ते चालत नाही. विचारल्याशिवाय आणू नका.

तेल: काकू म्हणतात ते सोनं आहे. शिजवताना तेल लागतच नाही, कारण मंद आचेवर तळाला लागत नाही. चार माणसांच्या डाळीला शेवटी दोन छोटे चमचे फल्ली (शेंगदाणा) तेलाची फोडणी पुरते. फोडणीचा वास आधी नाकाला जाणवतो, म्हणून कमी तेलातही जेवण फिकं लागत नाही.

आता एक काळजी. साखर बॉर्डरवर आहे असं तुम्ही लिहिलंय. धान्य जितकं जास्त वेळ, जितकं मऊ शिजतं तितकी त्यातली साखर रक्तात लवकर चढते. म्हणून नुसत्या कण्या वाटीभरून देऊ नका. एक भाग कण्या, एक भाग सालीची मूगडाळ, वर पालक किंवा मेथी, सोबत ताक. डाळीतलं प्रथिन आणि तंतू साखर चढण्याचा वेग कमी करतात. जेवणानंतर दोन तासांनी चार-पाच दिवस साखर तपासा, तुम्हालाच कळेल बाबांना किती सोसतं.

खामला_रविवार | गुरुवार, सकाळी ९:२०

मटणाचं कोणीच लिहिलं नाही, आणि माझ्या मते या भांड्याचं खरं सामर्थ्य तिथेच आहे. पायाचं, खांद्याचं जे चिवट मटण असतं त्यात कोलॅजन भरपूर. ते ७०-८० अंशांच्या वर तासन् तास राहिलं की विरघळून जिलेटिन होतं. म्हणून रस्सा तेलाशिवाय दाट होतो आणि मटण चमच्याने तुटतं. दाढा नसलेल्या माणसाला याहून चांगलं काही नाही.

अर्धा किलो मटण, दिसेल ती चरबी काढून. दोन कांदे, आलं-लसूण, भाजलेलं सुकं खोबरं आणि खसखस दोन चमचे वाटून. हे वाटण मी आधी कढईत एक चमचा तेलावर नीट परततो, मटणही त्याच कढईत सगळीकडून लाल करून घेतो. ही पायरी टाळली तर मटण उकडल्यासारखं लागतं, कारण मंद आचेवर काहीच भाजलं जात नाही. मग भांड्यात तळाला आलूच्या फोडी, कारण कंद मांसापेक्षा हळू शिजतात आणि तळाशी-कडेला आच जास्त असते. वर मटण. पाणी फक्त अर्धी वाटी. कढईत तीन वाट्या लागतं तिथे इथे अर्धी पुरते, मटण आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात. लोवर आठ तास.

लवंग, दालचिनी, दगडफूल नेहमीच्या निम्मं घाला. आठ तासांत ते इतकं उतरतं की कडवटपणा येतो. उलट भिवापुरी तिखट आणि गरम मसाला शेवटच्या अर्ध्या तासात घाला, तेव्हाच वास टिकतो. सावजीची ती लाल तर्री यात येणार नाही. तर्री म्हणजे तेल, आणि तेच आपल्याला टाळायचंय. बाबांना मटण चालतं का आणि किती, ते डॉक्टरांना विचारा. गावरान कोंबडी अशीच होते, सहा तास पुरतात. ब्रॉयलर कोंबडी चार तासांत होते, आठ तास ठेवली तर भुसा होतो.

पारिजात२२ | गुरुवार, रात्री १०:००

बाबा शाकाहारी आहेत, पण मुलांसाठी हे नक्की करणार. एक प्रश्न राहिला. आमच्या भागात उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, कधी अर्धा तास, कधी दोन तास. मी ऑफिसात. मग भांड्यातल्या अन्नाचं काय?

तर्री | गुरुवार, रात्री १०:४०

अन्न पूर्ण शिजल्यावर वीज गेली असेल तर झाकण न उघडता दोन तासांपर्यंत ठीक. अर्धवट शिजलेलं असताना गेली आणि घरात कोणी असेल, तर लगेच गॅसवर पूर्ण करायचं. घरी कोणी नव्हतं आणि किती वेळ गेली होती हेही माहीत नसेल, तर शिजलेलं दिसलं तरी फेकायचं. जिवावर येतं, पण ७४ वर्षांच्या माणसासाठी धोका पत्करू नका.

मानेवाडा४४ | गुरुवार, रात्री १०:५५

घरी इन्व्हर्टर आहे का? लोवर दोन पंख्यांएवढाच लोड येतो. मी स्लो कुकरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, दोन वर्षं चालतोय. इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या फक्त. आणि काही डिजिटल कुकर वीज परत आल्यावर बंदच राहतात. तुमचा फिरवायच्या बटणाचा आहे, तो आपोआप सुरू होईल.

बेलतरोडी_फ्लॅट | शुक्रवार, सकाळी ११:१५

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर. मेमध्ये पारा ४५ वर असतो, डाळ रात्रभर ओट्यावर भिजवली तर सकाळी आंबूस येते. फ्रीजमध्ये भिजवा. आणि फ्रीजमधून काढलेलं मातीचं भांडं लगेच हायवर लावू नका, तडकतं. माझं एक गेलंय. दुसऱ्या गंजात भिजवून सकाळी भांड्यात ओता.

फायदाही सांगते. दुपारी गॅसपाशी उभं राहावं लागत नाही. स्वयंपाकघर तापत नाही, आणि कूलरची हवा गॅसच्या ज्योतीवर येते म्हणून तो बंद करायची वेळ येत नाही. एप्रिल ते जून मी यासाठीच हा कुकर काढते.

रामटेकची_लेक | शुक्रवार, दुपारी ४:३०

आमच्याकडे लाखोळीची (लाखेची) डाळ होते. ती यात चालेल का?

तर्री | शुक्रवार, संध्याकाळी ६:००

ताई, नको. लाखोळीत मज्जासंस्थेला अपाय करणारा घटक असतो. तो पाण्यात उतरतो, म्हणून जुनी माणसं गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकत. स्लो कुकरात सगळं पाणी आतच राहतं. त्याऐवजी तूर किंवा मूग घ्या.

पारिजात२२ | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:२०

मंडळी, उशीर झाला, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पाण्याची चाचणी केली. आठ तासांनी ९१ अंश. कुकर चांगला आहे. गाळलेलं पाणी सुरू केलं, तुरीची डाळ मात्र आता सकाळी प्रेशर कुकरमध्येच करते, सोलेताईंचं ऐकलं.

बाबांचं रोजचं जेवण असं बसलंय. रात्री एक वाटी ज्वारीच्या कण्या धुऊन फ्रीजमध्ये भिजत ठेवते, शेजारी एक वाटी सालीची मूगडाळ. सकाळी पावणेसातला भांड्याच्या आतून तेलाचं बोट फिरवते. पहिल्या दिवशी कडेला पापुद्रा धरला होता, आता धरत नाही. कण्या, डाळ, किसलेलं आलं, हळद आणि सात वाट्या उकळतं पाणी. गार पाण्याने सुरू केलं तर साडेबारापर्यंत होत नाही, हे तिसऱ्या दिवशी कळलं. हायवर लावते. अकरा वाजता बाबा फक्त झाकण उचलून मूठभर चिरलेला पालक टाकतात, ढवळतात आणि बटण लोवर आणतात. फ्रीजवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे. सकाळी दीड चमचा तेलात लसूण-जिऱ्याची फोडणी करून छोट्या स्टीलच्या डब्यात ठेवते, ती वाढताना ते स्वतः घालतात. बरोबर ताक आणि लिंबाची फोड. मीठ मी डबीत मोजून ठेवते. भांड्यात उरलेलं आम्हाला रात्री होतं, ते बाबा जेवून झाल्यावर डब्यात काढून फ्रीजमध्ये टाकतात.

साखर पाच दिवस तपासली. नुसत्या कण्यांच्या दिवशी दोन तासांनी १७८ आली, डाळ-पालक घातल्यावर १४६ ते १५२. पथ्यपाणी, तुमचं वाक्य अक्षरशः खरं ठरलं.

एकदा वीज गेली होती. आल्यावर बाबांनी फोन करून विचारलं, मी फेकायला सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. अन्न टाकणं त्यांच्या पिढीला जड जातं. त्या दिवशी ते दूध-पोहे खाऊन राहिले. पुढच्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावला.

काकू, तुमच्यासाठी एक. पहिल्यांदा कण्या खाल्ल्या तेव्हा बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईच्या गाडग्यातल्या लागल्या. फक्त धुराचा वास नाही." आजी जाऊन चाळीस वर्षं झाली. तिच्या स्वयंपाकाबद्दल ते माझ्याशी आजवर कधी बोलले नव्हते. त्या संध्याकाळी तासभर बोलत होते.

आता पुढची फर्माईश कोहळ्याची (लाल भोपळ्याची) आहे, गूळ न घालता. फोडी किती वेळ ठेवू?

गोकुळपेठच्या काकू | रविवार, रात्री ८:०५

वाचून डोळे भरले बेटा. धुराचा वास पायजे असन तर एक कर. गॅसवर कोळशाचा तुकडा लाल कर, वाटीत ठेव, त्यावर तुपाचा थेंब टाक आन् ती वाटी भांड्यात ठेवून दोन मिनिटं झाकण लाव. तू घरी असशीन तेव्हाच, बाबाले एकट्याले करू देऊ नको.

कोहळं लाल सालीचं घे, साल काढू नको. फोडी मोठ्या, दोन बोटं जाड. पाणी अजिबात नाई. मेथीदाणा अर्धा चमचा, आमसूल शेवटी. हायवर दोन तास, त्याच्या वर ठेवशीन तर गिचका होईन.

पारिजात२२ | रविवार, रात्री ८:२०

दोन तास म्हणजे रविवारचंच काम. पुढच्या रविवारी लावते. कोळसा कॉटन मार्केटकडे मिळेल ना काकू?

गोकुळपेठच्या काकू | रविवार, रात्री ८:३१

तिकडं कशाले जाते. माह्याकडं पोतंभर आहे, घेऊन जा.